परत फेक

“खिशातलं सगळं या ट्रेमध्ये काढून ठेवा, काका,” स्टेडियमच्या दारावरची बाई म्हणाली, आणि मार्लीनने डोळे मिटून घेतले. आता झाली निश्चिंती.

नॉर्बने एकेक जिन्नस काढायला सुरुवात केली. चष्म्याचं घर. दुसऱ्या चष्म्याचं घर. डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली. छोटा रेडिओ. कागदात गुंडाळलेलं अर्धं सँडविच, जे टाकून दे म्हणून तिनं सकाळी हॉटेलातच बजावलं होतं. मागे निळ्या शर्टांची रांग चुळबुळत होती. सगळे शिकागोचे. त्या निळाईत हे दोघंच लाल टोप्या घालून उभे, ओहायोतल्या सिनसिनाटीहून आलेले, लांबून ओळखू येतील असे. शेवटी नॉर्बने हातातला बेसबॉलचा ग्लव्हही उतरवून ट्रेमध्ये ठेवला.

“या वयातही ग्लव्ह आणता?” बाई हसली.

“चेंडू आला तर?” नॉर्ब म्हणाला.

चेंडू आला तर! लग्न झाल्यापासून मार्लीन हे वाक्य ऐकत होती. दर उन्हाळ्यात सुट्टी मिळाली की नवरा तिला एखाद्या शहरात घेऊन जायचा, आणि शहर म्हणजे तिथलं स्टेडियम, बाकी काही नाही. लोक समुद्र बघतात, डोंगर बघतात. तिनं पिट्सबर्ग पाहिलं ते पार्किंगमधून आणि मिलवॉकी पाहिलं ते बाथरूमच्या रांगेतून. साबणाच्या कारखान्यात उभा जन्म काढलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा हा माणूस, पण मैदानात शिरला की ग्लव्ह चढवायचा आणि शेवटचा डाव संपेपर्यंत काढायचा नाही. हॉट डॉगसुद्धा एका हातानं खायचा. आणि इतक्या वर्षांत एक चेंडू त्याच्याकडे येईल तर शपथ. शेजारच्याच्या मांडीवर आला, पुढच्या बाईच्या बिअरमध्ये आला, एकदा तर नॉर्ब बाथरूमला गेला असताना त्याच्या रिकाम्या खुर्चीवर आला.

“उजवा खिसा अजून फुगलेलाय, काका.”

नॉर्बने जाकिटाच्या उजव्या खिशातून एक जुना चेंडू काढला, आणि बाई खदखदून हसली. “अस्सं! तयारीनं आलाय म्हणा की!”

रांगेतले लोकही हसले. इथला रिवाजच तसा. पाहुण्या संघानं होमरन मारला आणि चेंडू प्रेक्षकांत आला, तर ज्याला मिळेल त्यानं तो मैदानात परत फेकायचा. शत्रूचा चेंडू घरात ठेवायचा नाही. नाही फेकला तर सगळा स्टँड ओरडून ओरडून जीव नकोसा करतो. म्हणून हुशार माणसं खिशात एक फालतू चेंडू बाळगतात, तो फेकतात आणि खरा घरी नेतात. नॉर्बने या युक्तीचा सराव घरी, तळघरात, महिनाभर केला होता. पाठ फिरवायची, आलेला चेंडू डाव्या खिशात टाकायचा, उजव्यातला काढायचा, फेकायचा. वर वॉशिंग मशीनच्या आवाजातही मार्लीनला तो धप्प धप्प ऐकू यायचा आणि तिच्या डोक्यात तिडीक जायची.

“आणि हा लाल ठिपका कसला?” बाईनं चेंडू फिरवून पाहिला.

“माझ्या नेलपॉलिशचा,” मार्लीन म्हणाली. “दोन्हीत फरक कळावा म्हणून मीच लावला. ह्याचे डोळे आता—”

“रांग खोळंबलीय, मार्लीन,” नॉर्ब म्हणाला.

“मी खोळंबवलीय का?” तिनं ट्रेमधला सगळा पसारा उचलला आणि हाताला येईल तसा त्याच्या खिशांत कोंबला. “चल आता. सँडविच मी टाकतेय, एक अक्षर बोलू नकोस.”

मैदानाच्या कडेच्या भिंतीमागच्या लांब बाकांवर ते बसले तेव्हा मैदानात पाणी मारणाऱ्या माणसांशिवाय कोणी नव्हतं.

“दारं उघडायच्या आधी येऊन उभं राहायची काय गरज होती?” मार्लीन म्हणाली. “तेवढ्यात तळं बघून झालं असतं.”

“बाकांवर नंबर नसतात इथं. आधी येईल त्याची जागा.”

“तिसऱ्यांदा आलेय मी शिकागोला. एवढं समुद्राएवढं तळं, आणि मी अजून पाहिलं नाही.”

“सामना झाला की जाऊ.”

“मागच्या वेळीही हेच म्हणाला होतास.”

“मागच्या वेळी जादा डाव खेळावे लागले.”

मार्लीनने टोपी खाली ओढली. खरं तर या वर्षी तिला ठाम नाही म्हणायचं होतं. पण वसंतात डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की, नजरेच्या मधोमध पडलेला डाग आता पसरत जाणार, कडेकडेचं तेवढं दिसत राहील. समोरचं बघायचं तर नॉर्बला मान वळवून बाजूला बघावं लागायचं. हल्ली तिच्याशी बोलतानासुद्धा तो खिडकीकडे तोंड करायचा. गाडी तिनंच चालवत आणली होती, आणि शेजारी बसून ‘आता उजवीकडे घे, आता उजवीकडे’ हे त्यानं सोडलं नव्हतं, पाट्या दिसत नसताना! पुढच्या उन्हाळ्यात त्याला चेंडू दिसणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. बोललं कोणीच नव्हतं. ती आली होती ती एवढ्यासाठीच, नाहीतर तिला या खेळाचा मनापासून कंटाळा होता.

बाकं भरली. मागे येऊन बसला तो स्टॅश नावाचा एक धिप्पाड गडी, घरांची छपरं घालणारा, उन्हानं मान लाल झालेला. बसल्या बसल्या त्यानं या दोघांच्या टोप्या पाहिल्या.

“ए ओहायो! वाट चुकलात का?”

“नाही, तिकीट आहे,” नॉर्ब सरळपणानं म्हणाला.

“तुमच्याकडे म्हणे स्पॅगेटीवर दालचिनी घातलेला खिमा ओतून खातात. खरंय?”

“वरून चीजसुद्धा घालतो,” मार्लीन मागे न बघता म्हणाली. “पोट बघता तुम्हाला चालेल ते.”

आसपासची चार माणसं फिसकन हसली. स्टॅशला तर चेवच आला. मग सहा डाव त्याच्या तोंडाचा पट्टा चालू होता. नॉर्बच्या ग्लव्हवर, मार्लीनने हॉट डॉगवर मागितलेल्या केचपवर, जे शिकागोत पाप समजतात, सिनसिनाटीच्या चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या चालण्यावर. एका कानाला स्टॅश, दुसऱ्या कानाला नॉर्बचा रेडिओ, कारण मैदानात समोर चाललेलं त्याला रेडिओवरून कळत होतं. मार्लीनचा जीव मेटाकुटीला आला.

सातव्या डावात सिनसिनाटीच्या एका दांडगटानं बॅट फिरवली. ठक्क!

नॉर्ब ताडकन उठला. त्यानं रेडिओची वाट पाहिली नाही. त्या आवाजावरूनच त्याला कळलं. आणि उठला तो चेंडूकडे तोंड करून नव्हे, भलतीकडेच, डाव्या हाताच्या खांबाकडे.

“ओहायो, इकडे! इकडे बघ!” स्टॅश ओरडला आणि स्वतःच चेंडूवर झेपावला. चेंडू त्याच्या पंजावर आपटून उडाला, बाकाच्या कडेला लागला, आणि वर आला. खांबाकडे बघत असलेल्या नॉर्बनं, डोळ्याच्या कडेला काय दिसलं असेल ते असो, ग्लव्ह पुढे केला. फट्ट. चेंडू आत.

मार्लीनच्या तोंडून किंकाळी फुटली. आपण ओरडू शकतो हे तिला माहीत नव्हतं. नॉर्ब ग्लव्ह छातीशी धरून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर सगळं इतकं उघड दिसत होतं की तिला बघवेना. एवढ्या वर्षांच्या वैतागाचं त्या क्षणी तिला काहीच वाटलं नाही.

“परत फेक! परत फेक!” कोणीतरी सुरू केलं, आणि बघता बघता सगळा स्टँड बाकांवर पाय आपटत तेच ओरडू लागला. “परत फेक!” स्टॅशचा आवाज सगळ्यांत मोठा. मागचे लोक रेटत नॉर्बच्या खांद्यावर पडत होते. नॉर्बनं पाठ फिरवली, ग्लव्ह पोटाशी घेतला, खांदे हलले, धडपडला, पुन्हा हलले. तळघरात यापेक्षा लवकर व्हायचं. मग तो वळला आणि त्यानं हात मागे नेऊन, सगळा जोर लावून, हिरव्यागार मैदानात चेंडू भिरकावला.

काय गजर झाला! स्टॅशनं त्याला मागून मिठीच मारली. “शाब्बास रे ओहायो! मर्द गडी! वहिनी, बिअर माझ्याकडून, नाही म्हणायचं नाही.”

“गप्प बस मेल्या, त्याचा चष्मा पडेल,” मार्लीन म्हणाली. पण बिअर घेतली.

सामना सिनसिनाटी हरलं. त्याचं नॉर्बला काही नव्हतं. डाव्या खिशावर हात दाबून तो असा चालत होता की कोणालाही संशय यावा.

“दाखव ना,” मार्लीन म्हणाली.

“इथं नको. लोक बघतील. तळ्याकडे चल.”

चालत जायला जवळच आहे म्हणाला, आणि जवळ मुळीच नव्हतं. दोनदा चुकले, दोन्ही वेळा नॉर्बच्या सांगण्यावरून. अखेर झाडांमागून ते तळं आलं. पलीकडचा काठ नसलेलं, दुपारच्या उन्हात निळंशार. मार्लीन काठावरच्या दगडी पायरीवर बसली आणि तिनं बूट काढले.

“कसंय?” नॉर्बनं विचारलं.

“मोठंय,” ती म्हणाली. “उगाच इतकी वर्षं घालवली.”

तो शेजारी बसला. “तुला सांगतो, गोंधळच झाला होता. उजव्या खिशात हात घातला तर खिसा रिकामा! तूच दारात भलत्या खिशात कोंबलास ना? आलेला चेंडू मी तोवर डाव्यात टाकलेला. म्हणजे दोन्ही डाव्यातच. मागून ते लोक ढकलतायत. पण बरोबर काढला बघ. अंदाजानं.” त्यानं इकडे तिकडे कानोसा घेतला, खिशातून चेंडू काढला आणि तिच्यासमोर धरला. “आता नीट बघून सांग. काय काय आहे त्यावर?”

शिवणीजवळ लाल ठिपका होता.

मार्लीनला आधी संतापच आला. त्या खिशाचा, त्या स्टॅशचा, या गावाच्या अडाणी रिवाजाचा, आणि स्वतःच्या हातांचा, ज्यांना कधी एक गोष्ट सावकाश करता आली नाही. सकाळपासून तिनं त्याची प्रत्येक चूक दाखवली होती. रस्ता, कॉलर, सँडविच. आताही तिचं तोंड उघडलं होतं.

“काळा डाग आहे,” ती म्हणाली. “बॅट लागली तिथं.”

“कुठं?”

“इथं. अंगठ्याएवढा. कातडं जरा दबलंय तिथं. आणि बाकावर आपटला त्याचा हिरवा रंग लागलाय. पुसू नकोस.”

“आणि शिक्का?”

“आहे की. मोठ्या स्पर्धांच्या चेंडूवर असतो तसा.”

नॉर्ब ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचा अंगठा शिवणीवरून सावकाश फिरत होता, ग्लव्हला तेल लावताना फिरायचा तसा. एका जागी तो थांबला. नेलपॉलिश वाळलं की किंचित वर उठून राहतं. अंगठा त्याच्याभोवती एकदा फिरला, मग पुन्हा एकदा.

नॉर्बनं तोंड पाण्याकडे फिरवलं. म्हणजे तो तिला बघत होता.

“मार चांगलाच बसलाय मग,” तो म्हणाला.

“जबरदस्त,” ती म्हणाली.

त्यानं चेंडू ग्लव्हमध्ये बसवला, ग्लव्ह मिटला, खिशातलं रुंद रबर काढून त्यावर दोन वेढे दिले आणि तो तिच्या मांडीवर ठेवला.

“तूच सांभाळ,” तो म्हणाला. “माझ्याकडून हरवेल.”