चौथी तक्रार

माह्यावर तीन तक्रारी होत्या, आणि तिन्ही खऱ्या होत्या, हेच तं दुखणं!

पहिली आनंदाबाईची. म्हशीले इंजेक्शन द्यायच्या आधी मी मालकिणीलेच दहा हात दूर उभं केलं. दुसरी मोतीलालची. त्याची शेळी गाभडली, तं तो मेलेलं पिल्लू उघड्या हातानं उचलून राह्यला होता. मी अशी खेकसली की त्याचे पाहुणे चहा न घेताच निघून गेले. आता गाभ पाडणारे ते रोग माणसाले बी लागतात, त्याले मी काय करू? तिसरी ताराचंदशेठची. कारंजा गावातल्या मिठाईच्या दुकानात, नव्या जावयासमोर, मी त्याईले म्हणलं, "शेठ, गोठ्यातून आले ना? आधी साबणानं हात धुवा, मंग जावयाले पेढा द्या."

आमच्या दवाखान्याचे डॉक्टर प्रफुलसर वैतागले. "ज्योत्स्ना, तू मदतनीस आहेस, पोलीस नाही. चौथी तक्रार आली की तुझं गावात फिरणं बंद. दवाखान्यात बसायचं आणि बाटल्या पुसायच्या."

बाटल्या! मले जनावरं पाहिजेत हो. गाईच्या गळ्याखाली खाजवलं की ती कशी मान लांब करते, त्याच्यासाठी मी घरच्याईशी भांडून हा कोर्स केला. बाटली काय मान लांब करते?

अन् मंगळवारी सकाळी धुरपतामावशीचा फोन आला. "पोरी, चांदी लाळ गाळून राह्यली. पाणी बी पीत नाई. लवकर ये वं!"

चांदी म्हंजे मावशीची गाय. सर दुसऱ्या गावात होते. "तू पुढं हो, मी अर्ध्या तासात पोचतो. आणि कोणाशी भांडू नकोस," म्हणाले. मी गमबूट चढवले, निळा कोट घातला, खांद्यापर्यंतचे हातमोजे घेतले आन् स्कूटी पळवली.

पाहते तं काय, अख्खी गल्ली जमलेली! मावशीचे मालक पुनाजीमामा बाही वर सारून चांदीच्या तोंडात हात घालायच्या बेतात.

"मामाऽऽ! हात मागं!" मी गाडीवरूनच ओरडली. "लाळ गाळणाऱ्या गाईच्या तोंडात उघडा हात घालता? पिसाळली असली तं?"

पिसाळली म्हणल्याबरोबर गल्ली जी मागं सरकली, ती थेट कडुलिंबाच्या पल्याड. तिथं ताराचंदशेठ उभे होते. त्याईची संत्र्याची बाग शेजारीच.

"आली साबणवाली," शेठ म्हणाले. सारे हसले. भांडू नकोस, भांडू नकोस, असं मी मनात घोकलं आन् मामाले विचारलं, कुत्रं चावलं का? नाई. लाळ कवापासून? आज सकाळी चरून आल्यापासून. चांदीचं डावं पोट फुगून टम्म झालं होतं.

मी तिले कडुलिंबाले बांधलं. टोक ओढलं की एका झटक्यात सुटते, अशी गाठ.

"ही गाठ हाय का बुटाची लेस?" शेठनं विचारलं. पुन्हा हसणं.

मोजे घालून जवळ गेली तं चांदीनं असे पाय झाडले का बस! मावशी म्हणे, "तुह्या कोटाले भेते ते. तिले फक्त माह्या लुगड्याचा वास ठाव हाय. हे बी धार काढाले माह्यं लुगडं गुंडाळूनच बसतात."

मामा टमाट्यासारखे लाल झाले. आता हसायची पाळी माह्यी होती, पण वेळ कुठं होता? मावशीनं दोरीवरचं हिरवं लुगडं ओढलं आन् माह्या कोटावर गुंडाळलं. खाली गमबूट, वर मास्क, मधात नऊवार! पण चांदी मात्र गपचीप उभी राह्यली. मी बाहेरूनच गळा चाचपला. गोल, टणक, लिंबाहून मोठं काहीतरी अडकलं होतं.

तेवढ्यात सर आले. मले पाहून त्याईले असं हसू फुटलं की हसता हसता ते बरोबर चांदीच्या मागं जाऊन उभे!

"सर, मागून नाई!" मी कॉलर धरून त्याईले ओढलं. लात बसली बकेटले. बकेट उडून कुंपणापार गेली.

झालं, मी म्हणलं, चौथी तक्रार आता खुद्द साहेबच देतात. मले बाटल्याच दिसाले लागल्या.

सरनं मोजे चढवले, तोंड मिटू नये म्हणून चांदीच्या जबड्यात लाकडी अडकण बसवली आन् हात आत घातला. मी बाहेरून ते गोल वर ढकलत होती. येत होतं, येत होतं, अन् अचानक चांदीचे पुढचे पाय दुमडले! सरनं हात ओढून घेतला. दोरी ताणली, डोळे पांढरे झाले. मावशीनं हंबरडा फोडला. मामा दोरी कापाले विळा शोधत धावले.

मी टोक ओढलं. सर्रकन गाठ सुटली. चांदी धडपडत उठली, मान हलवली, खोकलली, अन् थप्प!

ताराचंदशेठच्या पांढऱ्या सदऱ्यावर एक अख्खं संत्रं.

"हे तं माह्यं संत्रं!" शेठ बोलून गेले.

"हो का?" मावशी कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "म्हंजे काल रस्त्याच्या कडेले खराब म्हणून छाटलेली संत्री तुम्हीच फेकली?"

शेठनं लाळ पुसाले हात उचलला. मंग माह्याकडं पाह्यलं. हात खाली घेतला आन् बारीक आवाजात म्हणाले, "पोरी, साबण कुठं हाय?"

हसून हसून गल्लीचं पोट दुखलं. सरनं अडकण काढली तशी चांदी पाण्यावर तुटून पडली. तेवढ्यात मावशी सरले म्हणाली, "साहेब, माह्यी एक तक्रार लिहून घ्या."

मावशी, तुम्ही बी?

"गाय मराले टेकली का मंगच ही पोट्टी येते, हे काऊन? दर मंगळवारी आली पाह्यजे. अन् माह्यं लुगडं धुवून द्यावं लागीन."

सरनं गाडीच्या डिक्कीतून वही काढली, लिहिलं आन् माह्यासमोर धरलं. 'तक्रार क्रमांक चार. तक्रार योग्य आहे. दर मंगळवारी ज्योत्स्नालाच पाठवावे.'

मले एकदम रडू कोसळलं. आनंदाचंच, पण असं धो धो की समोरचं काही दिसेना. मी डोळे पुसाले हात वर नेला.

"ए ज्योत्स्नाऽऽ!" सर, मामा, मावशी आन् ताराचंदशेठ, चौघं एकदमच ओरडले. "आधी साबणानं हात धू!"