सालेमचे पाच गोल

"पांच गोल मारा. तुम क्या लिखा?" नोटीस बोर्डासमोर उभ्या सालेमने पाचही बोटं उघडून दाखवली.

सालेमच्या संघाच्या गेल्या सामन्यापुढे नसरुद्दीनने शून्य-शून्य लिहिलं होतं. कतारमधल्या दुखानच्या तेल कंपनीत तो स्टोअरचा कारकून. फुटबॉलचा तक्ता टाइप करायचं लचांडही तीन वर्षं त्याच्याच गळ्यात होतं. पंच चिठ्ठी द्यायचा, हा टाइप करायचा, साहेब सही ठोकायचा. सालेमचे पाइपलाइनवाले आणि स्टोअरवाले यांची गाठ कधी पडलीच नव्हती, पाळ्याच तशा. जे एकमेकांशी खेळलेच नाहीत त्यांत सरस कोण, हे आता कागद सांगणार आणि पहिला येईल तो शुक्रवारी अंतिम सामन्याला दोह्याला जाणार. कागदावर पहिले होते स्टोअरवाले, म्हणजे झाडून सगळे रत्नागिरीचे.

नसरुद्दीनने फायलीतून चिठ्ठी काढली. वाटोळ्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाला, "ये देखो. सिफर."

सालेमने बोर्डाच्या काचेवरच्या धुळीत टिंब काढलं. "ये सिफर." मग शेजारी वाटोळं काढलं. "ये खम्सा."

नसरुद्दीनचे कान तापले. पोरगा कारकून व्हावा म्हणून बापाने त्याला हौसेने मराठी शाळेत घातलं होतं. झाला कारकून. अरबी पाच आपल्या शून्यासारखा दिसतो, एवढं मात्र तिथे कोणी शिकवलं नाही. आजवरचे पंच इंग्रजी आकडे लिहायचे, या खेपेचा तेवढा अरबी निघाला. कुराण पढला होता, पण पढताना आकड्यांकडे कोण बघतो?

"ठीक करेगा?"

"इन्शाल्ला," नसरुद्दीन म्हणाला. त्याच्या घरी हा शब्द नको असलेल्या माणसाला वाटेला लावायला वापरत. सालेम मात्र समाधानाने निघून गेला.

स्टोअरचा कप्तान दिलावर हा नसरुद्दीनचा मेव्हणा, उर्दू शाळेतला. पंचाची ही चिठ्ठी त्यानेच आणून दिली होती. नसरुद्दीनने त्याला खोलीवर गाठलं.

"तुला पाच वाचता येतो ना रे?"

"येतो की."

"मग बोललास का नाय?"

"दुलाभाई, टाइप तुमी केलात. मी कशाला मधी तोंड घालू? आनि खेळलो असतो तरी आमीच जिकलो असतो."

"खेळला असतास तर."

दिलावर बुटाला तेल चोळत राहिला. त्याला एक ठेवून द्यावी असं नसरुद्दीनला वाटलं. पण चूक स्वतःची होती, हात उचलायचा कोणत्या तोंडाने?

सकाळी तो साहेबासमोर उभा राहिला. सगळं सांगितलं. सालेमचे ते पाच धरले तर गुण सारखे होत होते आणि गोलांवर पाइपलाइन पुढे जात होती.

"यादी दोह्याला गेली," साहेब म्हणाला. "आणि मला विचारशील तर स्टोअरच सरस."

"पण सर, ते एकदाही समोरासमोर आले नाहीत."

"म्हणूनच तर तक्ता लागतो," असं म्हणून साहेबाने फोन उचलला.

आता सालेमला सांगायला हवं होतं. नसरुद्दीन दोनदा पाइपलाइनच्या छावणीकडे निघाला आणि दोनदा अर्ध्या वाटेतून परतला. जेवण जाईना, टाइपात चुका होऊ लागल्या. त्याला स्वतःची लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त.

शुक्रवारी सकाळी स्टोअरवाल्यांना घेऊन बस सुटली. हिशेबनीस म्हणून नसरुद्दीनलाही पुढे बसवला होता. छावणीच्या फाट्यावर अकरा माणसं उभी दिसली. धुतलेले सदरे, लेस बांधून गळ्यात अडकवलेले बूट. सालेमने बसला हात केला.

"यल्ला, चल," दिलावर ड्रायव्हरला म्हणाला.

"थांबव," नसरुद्दीन म्हणाला आणि उतरला.

"दुलाभाई, येडे झालात काय? बसा वर."

नसरुद्दीनने दार लावून घेतलं. बस गेली, धूळ खाली बसली. दोन दिवस जुळवून ठेवलेलं वाक्य त्याला आठवेना.

"दूसरा बस?" सालेमने विचारलं.

नसरुद्दीनने नाही म्हणून मान हलवली.

सालेमने रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "खलास," आणि गळ्यातले बूट काढून वाळूत ठेवले. एकेक करून बाकीच्यांनीही काढले. कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. वाळूत ठेवलेल्या पाइपाच्या सावलीला सगळे बसले, आणि सालेमने सरकून शेजारी एका माणसापुरती जागा केली.

नसरुद्दीन उन्हातच उभा राहिला.