उन्हाचा घड

मित्रांनो, मी एक जुना पत्रा आहे. थांबा, नाक मुरडू नका! साधासुधा नाही, छापाचा पत्रा. पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षांच्या शेडमध्ये, पूर्वेकडच्या उंच खिडकीत मी राहतो.

जन्माने मी तेलाचा डबा. धोंडीराम पेंटरने मला कापलं, ठोकून सपाट केलं आणि छिन्नीने माझ्या अंगात बावीस गोल भोकं पाडली. झाला द्राक्षांचा घड! मला पेटीवर ठेवून वरून रंगाचा बोळा फिरवला की खाली जांभळा घड उमटायचा. टेम्पोवाले म्हणायचे, "काय छाप हाय राव, लय भारी!" मला मात्र तो कधी दिसलाच नाही. मला उचललं की पेटी टेम्पोत. हजारो घड गेले, एकही परत आला नाही.

मग छापील खोकी आली आणि माझं काम संपलं. एका जानेवारीत खिडकीची काच फुटली, तेव्हा शेडच्या मालकांनी, महेशशेठनी, मला तिथे ठोकलं. का? तर कबुतरं आत येऊ नयेत म्हणून!

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता समोरच्या भिंतीवर, खुंटीपाशी, उन्हाचे बावीस मणी! माझा घड! आयुष्यात पहिल्यांदा मी माझं चित्र पाहिलं. पण सगळ्या बायका माना खाली घालून द्राक्षं निवडत होत्या. एवढा आनंद झाला आणि सांगायला कुणीच नाही. अशी चार वर्षं गेली.

यंदाच्या जानेवारीत हरसूलहून भागीबाई कामाला आली. खुंटीला भाकरीची पिशवी अडकवताना तिच्या हातावर ते मणी पडले. तिने वळून थेट माझ्याकडे पाहिलं! लगेच चहाच्या चुलीतला कोळसा घेऊन तिने एकेक मणी गिरवला.

"भागे, इथं क्रेट भरून खरी द्राक्षं पडलीत, अन् तू भिंतीवर काय पिकवतीस?" शेजारी द्राक्षं निवडणाऱ्या मालनबाईने टोमणा मारला.

"ही निवडाया नाय लागत, मालनबाई!"

दिवसागणिक सूर्याची वाट सरकते, तसा नऊ वाजताचा घडही सरकतो. पुढच्या सोमवारी तो वीतभर खाली, जरा डावीकडे उतरला. तिने तोही गिरवला. एप्रिलपर्यंत बारा घड झाले. मग तिने देठ काढले, पानं काढली आणि भिंतीवर अख्खी वेल झाली. मालनबाईसुद्धा चहाचा कप घेऊन तिथेच टेकायला लागली.

हंगाम संपला. महेशशेठ म्हणाले, "भिंतीला चुना मारा, खिडकीला काच बसवा. पत्रा भंगारात."

मी गारच पडलो.

"शेठ, भिंत खुशाल पांढरी करा," भागीबाई म्हणाली. "पण पत्रा नका काढू. पुढल्या साली मला वेल परत लावायची हाय."

"येशील का पण नक्की?"

"पत्रा असंल तर येईन."

शेठ हसले आणि मी राहिलो.

भिंतीला चुना लागला, शेडला कुलूप लागलं. घड जूनपर्यंत खाली उतरत गेला, मग उलटा वर चढू लागला. पावसाळ्यात तर तोही सोबतीला नव्हता. आता डिसेंबर आहे. रोज नऊला पांढऱ्या भिंतीवर बावीस मणी उमटतात आणि कुणी न बघताच विझतात.

मित्रांनो, तुमच्या घरात, वर्गातही असं काहीतरी रोज उमटत असेल. बादलीतल्या पाण्याची छतावरची थरथर, जाळीची सावली. जरा मान वर करा ना! कोळशाचा एक तुकडा पुरतो. आणि आमच्यासारख्यांना भंगारात टाकण्याआधी एकदा उन्हात धरून बघा.

माझा घड आता खुंटीच्या बोटभर खाली पोहोचलाय. खुंटी अजून रिकामी आहे.