न निघणारा मळ

आत्याच्या पार्लरमधून कुणी उजळल्याशिवाय बाहेर पडत नसे, अशी तिची ख्याती होती. म्हणूनच भाचीच्या मानेवरचा काळा पट्टा तिच्या फार जिव्हारी लागला. टुणी दहा वर्षांची, गोलमटोल, तोंडाची टकळी सतत चालू. आईबाप दोघंही दिवसभर आपल्या सोफ्याच्या दुकानात, त्यामुळे आंघोळीपासून अभ्यासापर्यंत टुणीचा सगळा कारभार आत्याकडे.

साबण झाला, लेप झाले, शेवटी आत्याने टाचा घासायची वजरीही हातात घेतली.

"आत्या, मान आहे ती, भांडं नाही!" टुणी किंचाळली.

मग मात्र आत्याने हात टेकले आणि तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. "काहीतरी जालीम मलम द्या बाई. हा मळ मला दाद देत नाही."

"मळ नाहीच हा," मान निरखत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शरीराला साखर आवरायला जास्त इन्सुलिन लागत असलं, की अशी खूण दिसू शकते." त्यांनी टुणीची उंची, वजन आणि कंबर मोजली. "घरात मधुमेह आहे कुणाला?"

"हिच्या बाबाला. आमच्या आईलाही होता."

"शाळेतून आल्यावर काय पिते?"

"फळांचा रस!" आत्याची मान ताठ झाली. "बाटलीतला, पण चांगल्यातला. कोल्ड्रिंकला घरात थारा नाही."

"आणि तहान लागली की?"

"तोच," आत्याचा आवाज जरा खाली आला.

"काय खेळतेस गं?"

"फोन," टुणी म्हणाली.

"झोपतेस कधी?"

"फोन झोपला की."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. पण त्यांनी रक्ततपासणी आणि सोनोग्राफी लिहून दिलीच. पोटावर गार जेल लागताच टुणी खिदळली. रिपोर्ट पाहून आत्याचा चेहरा मात्र उतरला. लिव्हरमध्ये चरबी होती.

"एवढ्याशा पोरीला? हे तर दारुड्यांचं दुखणं ना?"

"दारूच्या थेंबाशिवायही होतं. पोटावरचं वजन, घरातला मधुमेह, गोड पेयं, बैठं खेळणं, अपुरी झोप, सगळं मिळून धोका वाढतो. लिव्हर बिचारं मुकाट्याने सोसत राहतं. वेळेवर कळलं, हे बरं झालं. तिला उपाशी ठेवू नका, वाढतं वय आहे. सवयी बदलल्या तर ही चरबी कमी होऊ शकते. पण बदल सगळ्या घराने करायचा, एकट्या पोरीने नाही."

घरी बाबाने सोफ्यावर पाय पसरून निकाल दिला, "आपल्या घराण्याची हाडंच जाड आहेत गं."

"दादा, फोटो हाडांचा नव्हता काढला," आत्या म्हणाली आणि रसाच्या उरलेल्या बाटल्या मोरीत रिकाम्या करू लागली.

पहिले काही दिवस घरात नुसता धुमाकूळ. टुणी रुसली. बाबाने दुकानात लपवलेली रसाची बाटली तिनेच शोधून काढली, तेव्हा मात्र तिला जोर चढला. "तुम्हाला तर साखर आहे!" असा दम तिने बापाला भरला, की गिऱ्हाईकंसुद्धा चपापली.

हळूहळू तहानेला पाणी आलं. रात्री सगळ्यांचे फोन आईच्या कपाटात जाऊ लागले. संध्याकाळी पार्लर लवकर बंद करून आत्या टुणीबरोबर अंगणात बॅडमिंटन खेळू लागली. आत्या हरायची आणि फुलाच्या नावाने खडे फोडायची. मग आईही आली. बाबा गुण मोजायला म्हणून आला आणि रॅकेट घेऊन बसला, म्हणजे उभा राहिला.

काही महिन्यांनी सगळे पुन्हा दवाखान्यात गेले. टुणीचं वजन जवळपास तेवढंच होतं, पण उंची वाढली होती आणि लिव्हरचे आकडे चांगले खाली आले होते. "अजून पल्ला आहे, पण गाडी योग्य रस्त्याला लागली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आनंदाच्या भरात आत्याने त्यांना फुकट फेशियल कबूल करून टाकलं.

बाहेर बस सुटायच्या बेतात होती. टुणी सुसाट पळाली, पायरीवर चढली आणि मागे धापा टाकत येणाऱ्या तिघांकडे बोट दाखवून कंडक्टरला म्हणाली, "थांबा ना काका, आमची म्हातारी माणसं मागे राहिलीत!"