वर गेलेला दोर

मी तानबाची विहीर. अल्लीपूरच्या शिवारात, कपाशीच्या एका वावराच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून मी आहे. माणसं मला भितात. पण खरं सांगू? पावलांचा आवाज जवळ आला की त्यांच्याहून जास्त मीच घाबरते.

गावच्या विहिरीवर तानबाच्या घरच्यांना दोर टाकू देत नसत, म्हणून माझा जन्म झाला. धम्मदीक्षा घेऊन परतल्यावर तानबा बायकोला, कोकिळेला, म्हणाला, "आता पान्यासाठी कोनाच्या तोंडाकडे नाई पाह्यचं." मग त्यानं अन् कोकिळेनं मिळून आधी काळी माती उपसली, मग मुरूम, मग छिन्नीनं फोडत फोडत दगड. पाणी लागलं तेव्हा कोकिळेनं ओंजळीतून आधी तान्ह्या लहानूचे ओठ ओले केले. उतरायला माझ्या भिंतीत त्यांनी दगड बसवले, वर दोरासाठी लाकडी गडगडी लावली.

पुढचं सांगताना अजून माझा थरकाप होतो.

एका दुपारी कोकिळा माझ्यात बुडून गेली. 'तानबाच्या बायकोनं उडी घेतली', असं गावभर झालं. तानबा लहानूला खांद्यावर घेऊन निघाला तो परत आलाच नाही. वावर शेजारच्या घरानं घेतलं. माझं पाणी मात्र कुणी तोंडाला लावलं नाही. बाया रडक्या लेकरांना माझा धाक घालत. गडगडी कुजून माझ्यातच पडली.

आता वावराचा मालक त्याच घरातला बंडूजी. यंदा त्यानं मला बुजवायचं ठरवलं. काठाशी मुरमाचे ढीग पडले. एका सकाळी खोदकामाचं पिवळं मशीन येऊन घरघरत उभं राहिलं, तशी माझ्या भिंतींतून बारीक माती गळू लागली.

त्याच सकाळी सिंदी मेघेहून काजल आली. लहानूची नात. कॉलेज संपल्यावर ती आपल्या घराण्यातली जुनी माणसं शोधत होती. पणजोबा सापडले, त्यांचे भाऊ कुठं कुठं पांगले तेही कळलं. पणजीचं नाव काढलं की मात्र घरात सगळे उठून जात.

तिनं बापाला, प्रफुल्लला, फोन लावला. "बाबा, मी तानबा आजोबाच्या विहिरीपाशी आहे."

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "तिथं काऊन गेली तू? मांगं सरक. आधी मांगं सरक, काजल!"

"लहानपणापासून मले गच्चीवर एकटं नाई जाऊ दिलं तुमी. खोलीची कडी लावू नाई दिली. काऊन, ते तरी सांगा."

 तो दबक्या आवाजात म्हणाला, "तुह्या पणजीनं तिथं जीव दिला, बेटा. आपल्या रक्तातच ते हाय, असं तुहे आजोबा म्हनत. मले तुहं भेव वाटते."

काजल काठावरून वाकली. ती माझ्या पाण्यात आपलाच चेहरा असा पाहू लागली, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. खोटं आहे ते, असं मला ओरडायचं होतं. पण विहिरीला स्वतःचा आवाज नसतो. वरून कुणी हाक दिली तर तेवढीच परत देता येते.

"ताई, बाजूले व्हा," बंडूजी म्हणाला. "मशीनवाला थांबून राह्यला."

तेवढ्यात त्याची आत्या, माहेरी आलेली म्हातारी छायाबाई, काठी टेकत धुऱ्यावरून आली. "कोनाची व तू पोरी?"

"तानबाची पणती."

छायाबाई मुरमाच्या ढिगावर मटकन बसली. "तुह्या पणजीनं उडी नाई घेतली. मी पडली होती हिरीत."

"आत्याबाई, घरी चाला. ऊन लागलं तुमाले."

"गप रे बंड्या! जलमभर भेऊन राह्यली मी." "लहान होती मी. पानी प्याले आली अन् घसरली. कोकिळाबाई दगडाईवरून खाली उतरली. मले दोरानं बांधलं, अन् वर पाहून वरडली, 'वढा, पोरीले वर वढा!' बाजूच्या वावरातून धावत आलेल्या माह्या बापानं वढलं. त्यानं मले खांद्यावर टाकलं अन् पळाला. दोर… दोर परत खाली सोडलाच नाई."

"काऊन?" काजलनं विचारलं.

"त्या वक्ती इटाळ पाळत. बापानं त्यांच्या हिरीचा दोर धरला, तिनं मले कवळ्यात घेतलं, हे गावाले दिसन म्हनून. भेला तो. मंग उडीचं त्यानंच उठवलं. मले म्हने, बोलली तं तुलेबी हिरीत टाकीन."

मी साक्षीला होते. उतरताना तिच्या पायाखालचे दगड निखळले होते; उरलेल्या एका दगडाला धरून कोकिळा किती तरी वेळ वर पाहत होती. आधी तिनं छायाच्या बापाला हाका मारल्या, मग तानबाला. शेवटी नुसतंच लहानूचं नाव घेत राहिली. मी प्रत्येक हाक परत दिली. दुसरं मला काही जमत नव्हतं. मग तो दगडही निसटला.

काजल खाली बसली. फोन अजून चालूच होता. "बाबा, ऐकलं ना तुमी?" ती रडत म्हणाली. "पणजी दोराची वाट पाहत होती."

दुपारी प्रफुल्ल आला. दूर धुऱ्यावरच थांबला. काजलनं हाताला धरून त्याला काठापर्यंत आणलं. त्यानं खाली वाकून एकदाच हाक दिली, "आजी!" मी ती जपून, जमेल तेवढी हळू परत दिली. बंडूजी मान खाली घालून उभा होता. त्यानं मशीन त्या दिवसापुरतं परत पाठवलं.

मुरूम अजून काठाशीच आहे. रोज सकाळी रस्त्यावर घरघर ऐकू आली की मी दचकते. काजल, मी उरेन की नाही, सांगता येत नाही. पण तू छायाबाईकडे पुन्हा जा. कोकिळा लुगडं कसं नेसायची, कुणाशी हसायची, लहानूला काय म्हणून निजवायची, ते तिला आठवत असेल तर विचारून घे. मला त्यातलं काहीच ठाऊक नाही. माझ्याकडे तिच्या फक्त हाका आहेत.