काचेआडचे बूट

“कपाटाला कुलूप लावायचं नाही. ज्याचं माणूस, त्याचा हात.” सासूबाई हे इतक्यांदा बजावायच्या की त्या देवाघरी गेल्यावरही खोल्या झाडताना वहिनींना ते ऐकू यायचं.

खाण कोसळली त्या वर्षी खाणीच्या तोंडाशी असलेल्या हजेरीच्या दोन खोल्या सासूबाईंनी कंपनीकडून भांडून मिळवल्या. तिथं खाणीतून न परतलेल्यांच्या वस्तू मांडल्या. डबे, दिवे, टोप्या, बूट. दारावर पाटी लावली, संग्रहालय. पण वस्तूंची निगा मात्र घरच्यांनीच राखायची. कुणी येऊन दिव्याची काच पुसायचं, कुणी स्वेटर उन्हात घालायचं. वहिनींच्या नवऱ्याची टोपी तिथंच होती. तिच्यावरून हात फिरवल्याशिवाय त्या सकाळचा चहासुद्धा घेत नसत.

बुटांची आजी दर आठवड्याला यायची. मुलाचे बूट मांडीवर घेऊन तेल चोळायची. डोळे कधीच गेले होते, पण डाव्या टाचेची झीज अंगठ्याला लागली की म्हणायची, “बघा, अजून तिरकाच चालतोय मेला!” आणि स्वतःच हसायची.

सगळं बिनसलं ते संग्रहालय कशाला म्हणायचं यावरून. देशभरच्या संग्रहालयांची परिषद बसली. एक पक्ष म्हणे, वस्तू कायम जपल्या जातात ते संग्रहालय. दुसरा म्हणे, माणसं येऊन आठवण जागी ठेवतात ते. वहिनींचे धाकटे दीर दुसऱ्या पक्षात. जुने स्नेही एकमेकांचं तोंड बघेनासे झाले, इतकं ते पेटलं. शेवटी मतं पडली आणि दीर हरले. वस्तू संस्थेच्या ताब्यात, काचेआड हव्यात. कुणी हाताळायच्या नाहीत, बाहेर न्यायच्या नाहीत. या व्याख्येत जे बसणार नाही, त्याची मान्यता जाणार आणि पाडकामापासूनचं संरक्षणही. आणि खोल्या पाडायला कंपनी टपूनच होती.

“वहिनी, शब्द त्यांचे राहू देत, भिंती तरी आपल्या राहतील,” दीर म्हणाले. “पुढच्या सभेत मी पुन्हा मांडतो.”

“आणि आजी?”

“आजींना समजावू.”

“तुम्हाला तुमच्या सभासदांना समजावता आलं नाही, भाऊजी. ही तर आजी आहे.”

दीर हसायला गेले, पण हसू काही आलं नाही.

कपाटांना काचेची दारं बसली, कुलूप वहिनींनीच लावलं. दुसऱ्याच दिवशी आजी तेलाची बाटली घेऊन आली. सवयीनं पुढे केलेला हात काचेवर आपटला.

“हे काय गं मध्ये?”

“काच आहे, आजी. नवा नियम आलाय. पण काचेतून सगळं नीट दिसतं...” वहिनींनी जीभ चावली.

“दिसतं होय? बरं झालं बाई, डोळसांची सोय झाली.” आजीनं हळूच बाटली पिशवीत ठेवली. काचेवरून मात्र तिचा अंगठा बराच वेळ फिरत होता.

“परिषदेची तपासणी झाली की बूट मी घरी आणून तुमच्या हातात देईन. शब्द देते.”

“ये हो. लवकर ये. माझा काय भरवसा!”

तपासणी झाली. दीर म्हणाले, मंजुरी येऊ दे. मंजुरी आली, तर म्हणाले, आता अचानकही बघायला येतील, जरा दम धरा. वहिनी दम धरत राहिल्या. टोपीलाही त्यांनी हात लावला नाही. आजीला नाही, मग आपल्याला तरी कशाला?

एका सकाळी आजीची लेक संग्रहालयाच्या दारात उभी राहिली.

“आई पहाटे गेली. रात्रभर तेल मागत होती. आम्हाला वाटलं, डोकं दुखतंय. डोक्याला चोळलं. तर ती आपली अंथरुणावर नुसता अंगठा घासत राहिली. तिला काय हवं होतं, हो?”

वहिनींनी तिला जवळ घेतलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं. मग त्यांनी जाऊन कपाट उघडलं. तेल न चोळल्यानं बुटांचं कातडं कडक होऊन तडकलं होतं.

“वहिनी,” मागोमाग दारात आलेले दीर हलक्या आवाजात म्हणाले, “हे बाहेर गेलं तर आपली पाटी जाईल. खोल्याही जातील.”

“ठाऊक आहे.”

“आणि आजी तर गेल्या.”

“हो. मला उशीर झालाय, भाऊजी.”

दीर दारातून बाजूला झाले. वहिनींनी बूट छातीशी धरले, लेकीचा हात धरला आणि त्या आजीच्या घराकडे निघाल्या.