सशाचं आंधळं आतडं

"माणूस खोटं बोलतो, हाडं फसवतात, आतडं मात्र दुनिया झाल्यापासून एकदाही खोटं बोललेलं नाही," असं डॉक्टर मोहियोद्दीन यांनी जाहीर केलं, आणि रस्सा संपला म्हणून वाटी पुढं केली.

डॉक्टर म्हणजे ढोरांचे. नगरच्या छावणीत ते लष्कराच्या खेचरांची पोटं सांभाळायचे. लढाईचे दिवस असल्यानं खेचरांना भाव होता, त्यामुळं डॉक्टरांनाही होता. आज ते मुलासाठी मुलगी पाहायला राजूरला आले होते. मुलगी हिरड्याचे व्यापारी गनीभाई यांची, गौहर. आधीची स्थळं या ना त्या कारणानं मोडली होती, त्यामुळं आजच्या जेवणात मीठसुद्धा गनीभाईंनी स्वतः चाखून पाहिलं होतं.

डोंगरातल्या सहादेवाला सांगून त्यांनी दोन जिवंत ससे मागवले होते. तो पहाटे पोतं परसात टाकून बाजाराला निघून गेला. हलाल करायचा मान गावच्या मुलाण्याचा, म्हणजे अल्लाबक्षचाचांचा. चाचांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, पण मान काही डोळ्यांवर अवलंबून नसतो. चाचा पोत्यात हात घालायचे, मानगूट धरायचे आणि नीट नाव घेऊन काम उरकायचे. सोलायचेही चाचपूनच.

"सोललेला ससा आणि सोललेलं मांजर शेजारी ठेवा," डॉक्टर सांगत होते, "डोकं-पंजे काढलेले. तुम्ही चकाल. रश्श्यात तर मीही चकेन. पण पोट उघडा. ससा पाला खातो. तो आंबवायला त्याच्या पोटात एक पिशवी असते, आंधळं आतडं. आत जायला वाट, पुढं बंद. निम्मं पोट तिनंच भरतं. मांजराची तीच पिशवी करंगळीच्या पेराएवढी. मांस खाणाऱ्याला आंबवायचंय काय?"

यजमानाचा धर्म म्हणून गनीभाई हसले. हसता हसता त्यांची नजर मागच्या दारातून परसात गेली, आणि हसू तिथंच राहिलं.

वैरणीच्या गंजीशी एक ससा बसला होता. मागच्या पायाला तुटकी दोरी. गाठ सहादेवाची.

दोन ससे पातेल्यात. मग हा कोण? आणि हा जर पोत्यातून निसटलेला, तर पातेल्यातला दुसरा कोण?

घरच्या मनीला पोतं दिसलं की आत शिरून झोपायची खोड होती. सकाळपासून ती दिसली नव्हती. घरात मटण कापलं जातंय आणि मनी हजर नाही, असं आजवर झालेलं नव्हतं. त्यातून सकाळी चाचा म्हणालेही होते, "भाई, ह्यो दुसरा लई बोचकारतोय." गनीभाई चटई झटकत होते. ते म्हणाले होते, जित्ता हाय, बोचकारनारच.

समोर व्याही होणारा माणूस हराम खात होता आणि वर चवीची तारीफ करत होता. सांगावं तर गौहरचं लग्न मोडलं. न सांगावं तर वर अल्लाला तोंड काय दाखवायचं? उद्या नगरपासून संगमनेरपर्यंत लोक विचारतील, कुठले गनीभाई? ते मांजरवाले? डॉक्टरांनी एक हाड उचललं, उजेडात फिरवलं आणि ताटाच्या कडेला वेगळं ठेवलं. पडद्याआडून बायकोनं, शरिफानं, अजून वाढू का म्हणून खुणावलं. त्यांनी घाबरून हात हलवला; तिनं पातेलंच पाठवून दिलं.

पाण्याचं निमित्त करून ते उठले आणि थेट उकिरड्यावर गेले, जिथं सकाळची आतडी राखेत पुरली होती. काठीनं ते राख उकरू लागले.

"काय हरवलं?" मागं डॉक्टर उभे होते.

गनीभाई काठी टाकून खाली बसले. बसल्या बसल्या त्यांनी सगळं सांगून टाकलं. पोतं, मनी, चाचांचे डोळे, गंजीजवळचा ससा.

डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला, मग त्यांनी बाही वर केली आणि उकिडवे बसले. गनीभाईंनी डोळे मिटून कलमा सुरू केला. बराच वेळ राखेत नुसती सळसळ ऐकू येत होती.

"बघा."

डॉक्टरांच्या हातात काळपट हिरवी, वळ्यावळ्यांची, हातभर पिशवी लोंबत होती. दुसऱ्या हातात तिची जुळी बहीण. दोन्ही पाल्यानं तट्ट. सहादेवानं दोनाचे तीन आणले होते, एवढाच अर्थ. सांगून आणायची त्याची रीत नव्हती.

तेवढ्यात मनी कौलांवरून उतरली आणि एका पिशवीचं टोक ओढू लागली. तिच्या येण्यानं खरं तर सगळंच मिटलं होतं, पण डॉक्टरांनी तिला पायानं दूर सारलं. पुराव्याला तोंड लावायचं नाही म्हणाले.

मग ते गनीभाईंकडे वळले. "जो माणूस व्याह्यासमोर आतडं उघडं करतो, त्याच्याशी नातं जोडायला माझी हरकत नाही. गौहर आमची."

गनीभाईंचे डोळे भरून आले. ते गळाभेटीला पुढं झाले, पण डॉक्टरांचे दोन्ही हात भरलेले होते.

"फक्त भाभींना एक विचारा," डॉक्टर हळूच म्हणाले, "झाकणाची एखादी बरणी मिळेल का? लोणच्याची चालेल. धुतलेली असली म्हणजे झालं."